मावशीच्या आवाजाची सीडी

माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिसला की आमच्या घरात घबराट पसरते. आई जपमाळ बाजूला ठेवते, बायको जवळपासच्या नाजूक वस्तू उचलून आत नेते. गेल्या वर्षी लेकीच्या हळदीला दहा दिवस उरले असताना मी आमचा जुना सीडी प्लेअर पुढ्यात घेऊन बसलो, तेव्हाही हेच झालं. फक्त या वेळी मला माघार घेता येत नव्हती.

कारण होतं धुळ्याची मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण. आमच्यात लग्न कुणाचंही असो, हळदीची अहिराणी गाणी मावशीने धरायची आणि बाकीच्या बायांनी तिच्यामागून म्हणायची, असा रिवाजच होता. दोन वर्षांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता ती कुजबुजते, तेही मोजकंच. लग्न ठरल्याचं सांगायला गेलो तर म्हणाली, "माले नको बलावू रे. मुकी बठीसन काय करू तठे?"

मी लगेच छाती पुढे काढली. माझ्या धाकट्या बहिणीच्या हळदीत मावशीने गायलेली सगळी गाणी व्हिडिओवाल्याने तेव्हा एका सीडीवर उतरवून दिली होती, ती माझ्याकडे होती. म्हटलं, "मावशी, तीच लावू. तू नुसती समोर बस."  ती म्हणाली, "पहिले माले आयकाड, मंग दखू."

जळगावला परत येऊन मी सीडी लावली. प्लेअरने ती गिळली, आतल्या आत घुरघुरला आणि काचेवर अक्षरं आली, 'नो डिस्क'. पुन्हा घातली, पुन्हा तेच. पाचव्या खेपेला पहिलं गाणं लागलं, दुसरंही लागलं आणि तिसऱ्यात मावशी एकाच शब्दावर अडकून टकटक करू लागली.

लेकीच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरला आहे, पण तिचं दार उघडेनासं होऊन बरेच दिवस झाले होते आणि त्याचं काही अडलं नव्हतं. लेकीने मोबाइलवर वाचून सांगितलं की सीडी गोलगोल पुसायची नसते, मधून कडेकडे सरळ पुसायची. तोवर मी ती भांड्यांच्या साबणाने गोलगोल घासून मोकळा झालो होतो. नशीब, चरे पडले नाहीत. मग प्लेअर आडवा, उभा, तिरका असा सगळ्या बाजूंनी ठेवून पाहिला. एका कडेखाली लाटणं सरकवलं तेव्हा तो चक्क पुन्हा तिसऱ्या गाण्याच्या दारापर्यंत गेला. पण बायकोला पोळ्या करायच्या होत्या.

दुसऱ्या सीड्यांचंही तेच होतं, म्हणजे दोष प्लेअरचाच. पिंप्राळ्यातला आमचा दुरुस्तीवाला आता फक्त मोबाइल बघतो. मी जणू बैलगाडीचं चाक पंक्चर काढायला आणलंय, अशा नजरेने त्याने प्लेअरकडे पाहिलं. "नवीन ब्लूटूथ घेऊन टाका ना काका," म्हणाला. मला असा राग आला, की तिथून तडक घरी आलो, प्लेअर गोधडीत गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याची एसटी पकडली. मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी एक नाना जुने रेडिओ दुरुस्त करतात, एवढं मला ठाऊक होतं.

नानांनी काही न विचारता झाकण उघडलं, आतला ट्रे सोडवला, चष्मा कपाळावर चढवून ते आत डोकावले आणि थांबले.

"भाऊ, मशीनमा देव बठेल शे का?"

मी वाकून पाहिलं. सीडी वाचणारं जे इवलंसं भिंग असतं, त्यावर लाल-पिवळा थर होता. भिंग ज्या दांडीवरून पुढेमागे सरकतं, तिच्या दात्यांत तांदळाचा एक दाणा घट्ट रुतला होता. कोपऱ्यात झेंडूची वाळकी पाकळी होती.

 दसऱ्याला आई घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करते. स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्यांना बाहेरून हळदकुंकवाचं बोट लावते. पण प्लेअरचा ट्रे प्रसादाला हात पुढे करावा तसा आपणहून बाहेर येतो. आईचं म्हणणं, एवढा हात पुढे करतोय तर हातावरच द्यावं. म्हणून हळद, कुंकू, अक्षता, फूल, सगळं ट्रेवर. आणि दर दसऱ्याला "उघड रे ते" असं ती म्हणाली की बटण दाबणारा मीच. पूजा झाली की बंद करणाराही मीच. तिला बोलायला मला तोंड नव्हतं.

नानांना हे सांगितलं तर ते पोट धरून हसले. मग चिमट्याने दाणा काढला, कापसाच्या काडीला स्पिरिट लावून भिंग हलक्या हाताने पुसलं, दांडीला नवं ग्रीस दिलं. "आते पूजा भाईरथून करा," एवढंच म्हणाले.

तसाच मावशीकडे गेलो. ती खाटेवर बसली होती. प्लेअर स्टुलावर ठेवून सीडी घातली. तो थोडा घुरघुरला, आणि मावशीचा तो खणखणीत आवाज घरभर झाला. स्वयंपाकघरातून सून हात पुसत येऊन दारात उभी राहिली. तिसरं गाणं आलं तेव्हा माझं लक्ष फक्त त्या एका शब्दाकडे होतं. तो आला आणि गेला. मावशीने डोळे मिटले होते. ओठ प्रत्येक ओळीबरोबर हलत होते, आवाज मात्र स्टुलावरून येत होता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

शेवटचं गाणं संपेपर्यंत ती हलली नाही. मग मला हाताने जवळ बोलावलं.

"चांगली गास हाई बाई," ती प्लेअरकडे बोट करून कुजबुजली. "तिले बलाव हळदले."

"बोलावलंय," मी म्हटलं. "पण तिला एकटीला येता येणार नाही. तू घेऊन ये."

 मावशीने सुनेला खूण करून कपाटातलं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढायला सांगितलं.