झेंडू वाहिलेली लेथ

ती घटना डोक्यातून गेली नाही, ती झेंडूच्या फुलांमुळे.

मी मूळचा माणदेशातला. दहावीत शाळा सुटली, पोलिसात लागलो आणि घरापासून लांब मुरबाडला सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. अर्धवट शिकलेल्या माणसाला खात्याने भाकरी दिली, आजही पेन्शन देते. म्हणून हे लिहिताना हात आखडतो, पण लिहितो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद कंपनीचा वॉचमन ठाण्यात आला. मागच्या खिडकीचा गज वाकवून कोणीतरी लेथ मशीनची मोटार नेली होती. गुन्हा दाखल करून पंचनाम्याला गेलो. आत सगळीकडे बोटभर धूळ. एकच लेथ लख्ख पुसलेली, तिला हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढे फोडलेला नारळ. आणि मोटारीची जागा रिकामी.

बरोबरचा शिपाई हसला. "साहेब, चोर लई देवभोळा दिसतो."

मला हसू आलं नाही. दसऱ्याला कामगार पूजा करतो ती आपल्या मशीनची. वॉचमनला विचारलं, "ही कोण चालवायचा?"

"माज्या तोंडून नाव नका काढू साहेब. मला इथंच ऱ्हायाचंय."

दोन दिवसांनी खबऱ्याचा फोन आला. धसईच्या बाजारात एक जण 'विहिरीवर बसवायला मोटार पायजे का' असं विचारत फिरत होता. खबऱ्याने गाव सांगितलं, घरही सांगितलं.

आम्ही गेलो तेव्हा तो भात झोडत होता. म्हणाला, "मी त्या कंपनीकडं वरीसभर फिरकलो नाय." गडी ठाम होता. तेवढ्यात बायको पुढे झाली, कंबरेला पदर खोचून.

"चोर म्हनता त्यांना? अवो, कंपनी बंद पडली तरी दसऱ्याला जाऊन मशीनला फुलं वाहून आले. असा मानूस चोरी करल?"

नवऱ्याने डोळे मिटले. बाई आपण काय बोललो ते कळून तिथंच खाली बसली. मोटार पेंढ्याखाली निघाली.

ठाण्यात चहा दिला, तेव्हा तो मोकळा झाला.

"आधी पूजा केली, माफी मागितली, मग मोटार काढली. घरात काय नव्हतं साहेब. मोटार परत घ्या, पन केस नका करू. शहापूरकडच्या कंपनीत नंबर लागलाय, फकस्त तुमचा पोलिसांचा चांगल्या वागणुकीचा दाखला मागितलाय."

"गुन्हा दाखल झालाय रे. आता माझ्या हातात नाही."

कंपनीच्या मॅनेजरला मीच फोन लावला. तो म्हणाला, "अजिबात सोडू नका, नाहीतर उद्या सगळेच येतील."

मॅनेजरचं उत्तर सांगितल्यावर समोर बसलेला तो गडी शांतपणे बोलला, "मालकानं आमचे पगार बुडवून चांगल्या मशिनी ट्रेलरवर चढवल्या. आमी गेटवर आडवे झालो, तेवा बंदोबस्ताला तुमीच व्हते. आमालाच मागं सारलंत. ती चोरी नाय काय?"

"तो दिवाणी मामला," मी म्हणालो. ठाण्यात आम्ही असंच सांगतो. त्याला त्याचा अर्थ विचारावासाही वाटला नाही.

तो जामिनावर सुटला. पुढे शहापूरच्या कंपनीचा पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर आला. मी खरं तेच लिहिलं : गुन्हा न्यायप्रविष्ट. नोकरी गेली. आता तो टोकावड्याच्या ढाब्यावर भांडी घासतो असं ऐकतो.

नोकरीत दारुडे, मारेकरी, सराईत, सगळे पाहिले. पोट रिकामं असलं की माणूस वाकडा होतो, हे नवीन नव्हतं. या प्रकरणाने शिकवलं ते वेगळं. कायदा खिडकीचा गज वाकवणाऱ्याला पकडतो. गेटला कुलूप लावून निघून जाणाऱ्याला तो रस्ता मोकळा करून देतो. आणि रस्ता मोकळा करायला माझ्यासारखाच कोणीतरी, पोटासाठी वर्दी घातलेला, उभा असतो.

झटपट तपासाबद्दल मला बक्षीस मिळालं. माझ्या सेवापुस्तकात चांगली नोंद पडली, त्याच्या दाखल्यावर वाईट. दोन्ही एकाच मोटारीच्या.