एक विरुद्ध एक

आमच्या घरात मतदान असं दोनदाच झालं. दोन्ही वेळा बहरीनमध्ये, आणि दोन्ही वेळा प्रश्न एकच होता: इथं राहायचं की निघायचं. ही खोड मला लावली एका इंग्रज जोडप्यानं, आणि त्या जोडप्याच्या डोक्याला ताप दिला होता त्यांच्या पार्लमेंटानं.

गोष्ट पंचाहत्तर सालची. आम्हाला बहरीनच्या राजधानीत, मनामात येऊन दोन वर्षं होत आली होती. माझा नवरा वीजकेंद्रात इंजिनिअर, शिफ्टची नोकरी. मी बाब अल बहरीन या बाजाराच्या वेशीमागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानांच्या वर, एका जहाज एजन्सीत टायपिस्ट होते. कराडला मी आधी मास्तरीणबाईंची मुलगी होते, मग कुणाची तरी सून झाले. इथं मला माझं टेबल होतं, माझा टाइपरायटर होता आणि टेबलाला किल्लीचा ड्रॉवर होता. त्या ड्रॉवरमध्ये एक कंगवा आणि आल्याच्या वड्यांचा डबा यापलीकडे काही नव्हतं, तरी मी त्याला रोज कुलूप लावूनच घरी जात असे.

नवऱ्याचं काँट्रॅक्ट ऑक्टोबरात संपत होतं. मग परत जायचं आणि धाकट्या भावाबरोबर भोसरीला वर्कशॉप काढायचं, असं त्यानं ठरवलं आणि मला सांगितलं. आमच्याकडे याला विचारविनिमय म्हणत. मला जायचं नव्हतं. पण तसं मी म्हटलं नाही, कारण मला कुणी विचारलं नव्हतं आणि न विचारता बोलायची सवय नव्हती.

ऑफिसचे साहेब इंग्रज, पन्नाशी उलटलेले. त्यांच्या मॅडम पत्रव्यवहार बघायला रोज त्यांच्याबरोबर यायच्या. अकराच्या चहाची त्या दोघांची एक रीत होती. मॅडम चहा ओतणार, साहेब ब्रेड कापणार, आणि मग सगळ्या स्टाफला बोलावणं जाणार. सगळा स्टाफ म्हणजे मी, कस्टमचं काम बघणारा मुहर्रक गावचा एक बहरीनी क्लार्क, आणि वसईचे कॅशियर. कॅशियर वयानं मोठे, दर शुक्रवारी चर्चमध्ये गाणारे. आम्ही त्यांना अंकल म्हणायचो.

त्या वर्षी इंग्लंडात मोठा वाद पेटला होता. ब्रिटन दोनच वर्षांपूर्वी युरोपातल्या देशांच्या संघात सामील झालं होतं, आणि आता तिथून बाहेर पडायचं का यावर एप्रिलमध्ये पार्लमेंटात आणि मग जूनमध्ये लोकांचं मतदान व्हायचं होतं. साहेब राहायच्या बाजूचे, मॅडम बाहेर पडायच्या. मला वाटलं, थट्टेत चाललंय. मग एक दिवस ऑफिसच्या फ्रिजमध्ये दोन बटर दिसली. एक डेन्मार्कचं, कारण डेन्मार्क संघात. दुसरं न्यूझीलंडचं. मॅडमची बहीण तिकडे एका गाईवाल्याच्या घरात दिली होती, आणि युरोपशी सोयरीक जुळवताना इंग्लंडनं तिच्यासारख्या आपल्याच माणसांना दार लावलं, असं मॅडमचं म्हणणं. साहेबांचा मोठा भाऊ युद्धात फ्रान्समध्ये कामी आला होता. युरोपातली ही माणसं बाजारभावावरून भांडत बसली तर निदान एकमेकांवर गोळ्या झाडणार नाहीत, असं साहेबांचं म्हणणं. मला दोघांचंही पटायचं, त्यामुळे फारच पंचाईत व्हायची.

कारण ब्रेडला कुठलं बटर लावायचं हा प्रश्न रोज अकराला समोर यायचा. साहेब बघत असायचे, मॅडमही बघत असायच्या. मी एक दिवस हे, एक दिवस ते लावायचे. अंकलनी बटरच सोडलं. कोरडा ब्रेड चहात बुडवून खायचे. "पोरी, साहेब पण आपला, बाई पण आपली," ते मला हळूच म्हणाले. "आपण आपलं बाहेर उभं राहायचं." मुहर्रकचा क्लार्क मात्र निवांत होता. काही वर्षांपूर्वी त्याच्या बेटालाही शेजारच्या अमिरातींबरोबर संघात जायची संधी होती आणि बहरीननं नाही म्हटलं होतं. "हम लोग मंगनी में ही ना बोल दिया," तो आमच्याशी बोलायचा त्या हिंदीत म्हणाला. "ये लोग शादी करके अभी सोचता है. यल्ला, चाय पियो."

पार्लमेंटातलं मतदान झालं. सकाळी अंकलच्या ट्रान्झिस्टरवर बातमी लागली: कौल राहायच्या बाजूनं, पण सरकारी पक्ष मधोमध फुटलेला, आणि काही खासदार तर कुठल्याच बाजूला न जाता बाहेरच राहिलेले. थोड्या वेळानं साहेबांची गाडी खाली येऊन थांबली. मी खिडकीतून पाहिलं. साहेब चालवत होते आणि मॅडम मागच्या सीटवर बसल्या होत्या, काळा चष्मा लावून, टॅक्सीत बसतात तशा. चहा त्या दिवशीही त्यांनीच ओतला. साहेबांच्या कपात न विसरता दोन चमचे साखर घातली, पण कप त्यांच्यापुढे न ठेवता माझ्या हातात दिला, आणि हातभर अंतरावर बसलेल्या साहेबांना तो मी दिला. पुढे कितीतरी दिवस हे काम माझ्याकडेच होतं.

आमच्या मराठी मंडळींत हा विषय भरपूर चघळला गेला. सुट्टीच्या दिवशी कुणाकडे जेवायला जमलो की सगळ्यांचं एकच म्हणणं पडायचं: नवरा-बायको असल्या गोष्टीवरून अबोला धरत नाहीत, आत काहीतरी दुसरं असणार. वाटणीची भांडणं आम्ही सगळ्यांनी पाहिलेली होती. तोंडानं विहिरीवरून भांडायचं आणि मनात कधीतरी न मिळालेली साडी असायची. तेव्हा खरं कारण काढून आणायला मला नेमण्यात आलं. पाडवा नुकताच होऊन गेला होता. मी डबाभर श्रीखंड घेऊन मॅडमच्या घरी गेले.

खरं कारण विचारल्यावर मॅडम चमचा हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. "हेच खरं कारण आहे," त्या म्हणाल्या. "याहून मोठं काय असायला हवं?"

मग एका घरात राहता कशा, मी विचारलं.

"तो चुकतोय. वाईट नाहीये." त्यांनी आणखी श्रीखंड घेतलं. "तुझा नवरा तुझं मत विचारतो?"

"नाही."

"तू सांगतेस?"

मी डब्याचं झाकण शोधायला लागले. मंडळींना मी सांगितलं की भांडण खरोखरच युरोपवरून आहे. कुणाचा विश्वास बसला नाही.

मला मात्र त्या पार्लमेंटाबद्दल उत्सुकता वाटायला लागली. साहेबांनी टेबलावर पेपरवेट मांडून मला सगळं समजावलं. हो म्हणणारे एका दारानं जातात, नाही म्हणणारे दुसऱ्या, आणि दारात मोजणी होते. ज्याला आपल्या माणसांविरुद्ध मत देववत नाही तो बाहेर चहा पीत बसतो. मी विचारलं, मतं सारखी पडली तर? तर अध्यक्षानं असं मत द्यायचं की जे आहे ते तसंच चालू राहील. बदल ज्याला हवा त्यानं बहुमत आणावं. हे शेवटचं वाक्य मी ड्रॉवरमध्ये ठेवावं तसं जपून ठेवलं.

जूनमध्ये तिकडे लोकांनी मतं दिली. या दोघांना मत नव्हतंच. ते इतकी वर्षं देशाबाहेर राहिलेले, आणि अशांना मतदान नव्हतं. एवढं भांडून दोघंही रिकामेच. निकाल साहेबांच्या बाजूनं लागला, तोही मोठ्या फरकानं. त्या दिवशी अकराला साहेबांनी ब्रेड कापला, त्यावर न्यूझीलंडचं बटर जाड लावलं आणि सगळा खाल्ला. मॅडम बघत होत्या. मग त्यांनी चहाचा कप उचलला आणि स्वतःच्या हातानं साहेबांपुढे ठेवला. अंकलनी लगेच दोन्ही बटर लावून घेतली.

त्याच महिन्याच्या शेवटी आपल्याकडे आणीबाणी आली, आणि आईच्या पत्रांत एकदम फक्त हवापाणी उरलं. ऑगस्टमध्ये बहरीनचं नवंकोरं पार्लमेंटही बरखास्त झालं. मुहर्रकचा क्लार्क त्यावर "खलास" एवढंच म्हणाला आणि कस्टमला निघून गेला. ज्यांच्या भांडणाला आम्ही हसलो होतो त्यांचा मला हेवा वाटायला लागला. सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी नवरा पोहे खात असताना मी म्हटलं, "अहो, आपण मत घेऊ या."

"कशावर?"

"राहायचं की निघायचं यावर."

"अगं, आपण काय पार्लमेंट आहोत? दोन माणसं आहोत."

"दोन पुरतात. तुम्ही आधी हात वर करा."

त्यानं हसत निघायच्या बाजूनं हात वर केला. मग मी राहायच्या बाजूनं केला. त्याचं हसू गेलं. रागानं नव्हे. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं.

"तुला राहायचंय? मग बोलली का नाहीस?"

"आत्ता बोलले."

एक विरुद्ध एक. मी त्याला नियम सांगितला. तो म्हणाला, असला नियम असूच शकत नाही. दुसऱ्या दिवशी मला सोडायच्या निमित्तानं तो ऑफिसचा जिना चढून वर आला आणि त्यानं थेट साहेबांनाच विचारलं. साहेबांनी अतिशय गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की नियम असाच आहे, फार जुना आहे आणि त्यावर अपील नाही. मॅडम खिडकीकडे तोंड करून हसत होत्या. नवऱ्यानं काँट्रॅक्ट वाढवून घेतलं.

राहिलो ते अकरा वर्षं. मधे मुलगी झाली. साहेब आणि मॅडम रिटायर होऊन इंग्लंडला गेले. विमानतळाकडे निघाले तेव्हा दोघं गाडीत शेजारी शेजारी बसले होते आणि कुठल्या तरी बातमीवरून कडाकडा भांडत होते. आणि ज्याला इथून निघायचं होतं तो माझा नवराच पुरता इथला झाला. शुक्रवारी पहाटे मुहर्रकच्या क्लार्कबरोबर होडीतून मासे पकडायला जायचा, अरबीत घासाघीस करायचा, आणि येताना भट्टीतला गरम खुबूस, म्हणजे इकडची मोठी रोटी, फडक्यात गुंडाळून आणायचा. सौदीला जाणारा पूल सुरू होणार म्हणून त्यानं गाडीसुद्धा बदलली.

त्याच वर्षी कराडला आई न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. भाऊ नागपूरला, बदलीच्या नोकरीत. शेजारणी दोन वेळचं बघत होत्या. फोनवर आई मास्तरीणबाईंच्या आवाजात सांगायची, "मी उत्तम आहे, तू तुझं बघ." मला रजेवर जाऊन यायचं नव्हतं. मला कायमचं जायचं होतं, आईजवळ. आणि हे मी बोलू शकत नव्हते, कारण नियम माझाच होता. बदल ज्याला हवा त्यानं बहुमत आणावं. ते मी कुठून आणणार होते?

एका शुक्रवारी न्याहारीला बसलो होतो. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बऱ्याच दिवसांत मत घेतलं नाही आपण."

"कशाला घ्यायचं? तुम्हाला राहायचंय. एक विरुद्ध एक, म्हणजे जे आहे तेच."

मुलगी दहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतूनच यायचं. "व्हॉट अबाउट माय वोट?" ती म्हणाली. तिचं मत कुठल्या बाजूला जाणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"अठरा पूर्ण झाल्यावर," नवरा म्हणाला आणि उठला. "तुम्ही घ्या मत. मी जरा खुबूस घेऊन येतो."

टेबलावर फडक्यात खुबूसची चळत होती. त्यानंच थोड्या वेळापूर्वी आणलेली, अजून गरम. मी त्या चळतीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो आमच्याकडे पाठ करून दाराशी चप्पल घालत होता, आणि चप्पल घालायला लागतो त्याहून फार जास्त वेळ लावत होता. साहेबांचे पेपरवेट त्यानं पाहिले नव्हते. बाहेर चहा पीत बसणाऱ्या खासदारांचं मीच त्याला कधीतरी सांगितलं असणार, आणि त्यानं ते इतकी वर्षं लक्षात ठेवलं होतं. त्या क्षणी मला त्याच्याबद्दल जे वाटलं ते लग्नात वाटलं नव्हतं.

दार लागलं. मी हात वर केला.

"मम्मा, देअर इज नोबडी टू काउंट," मुलगी म्हणाली.

"तू मोज."

तिनं नीट बघून मोजलं. "वन," ती म्हणाली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हात खाली घेत नव्हते.

तो परत आला तेव्हा हातात खरोखरच खुबूस होते. "काय लागला निकाल?" त्यानं विचारलं.

"निघायचं."

"खलास," तो म्हणाला, आणि खाली बसला. एक गरम खुबूस फाडून त्यानं मोठा तुकडा माझ्या ताटात ठेवला. माझं पोट केव्हाच भरलं होतं, तरी मी तो सगळा खाल्ला.