दुपारी दीडचं चित्र

माझं काम सांगितलं की लोक हसतात. अंधेरीत एसीत बसून मी परदेशातल्या वणव्यांचा धूर बघते. उपग्रहाने काढलेली चित्रं येतात. त्यांत ढग कुठला, धूर कुठला ते वेगळं करायचं, वारा बघायचा आणि हा धूर उद्या कुठल्या गावावर जाणार ते कळवायचं. तिकडचे लोक त्यावरून खिडक्या लावून घेतात.

बाबांना याचं भारी कौतुक. ते मूळचे मालवणकडचे, उभा जन्म गिरणीत गेला. कापसाच्या गठ्ठ्यात आतल्या आत काही धुमसत असलं तर खात्यात सगळ्यांच्या आधी वास यायचा तो बाबांना. "माका वास येता" म्हणाले की साहेब मशीन बंद करायला लावायचा. त्याच कापसाने पुढे छातीची वाट लावली, आता श्वासाचा पंप सतत खिशात. तरी बिल्डिंगमध्ये लेकीचं सांगत सुटतात, "माझ्या चेडवाक वरसून सगळा दिसता."

गेल्या मार्चमधली गोष्ट. मुलुंडला आमचं घर अगदी डोंगराच्या पायथ्याशी. आई गेल्यापासून दिवसभर बाबा एकटेच असतात. संध्याकाळी साडेपाचला त्यांचा फोन आला. "गो, धुराचो वास येता. खिडकी लावन घेतलंय. जरा वरसून बघ मगे."

माझी मीटिंग सुरू होत होती आणि डोकं आधीच तापलेलं. फोन खांद्यात धरून मी समोरचं उपग्रहाचं चित्र मुलुंडवर आणलं. डोंगर स्वच्छ. "काही नाहीये हो बाबा, बघितलं मी. कुणीतरी कचरा जाळला असेल. खिडक्या उघडा, उगाच गुदमराल."

"बरा," म्हणाले आणि फोन ठेवला.

ते चित्र दुपारी दीडचं होतं. कोपऱ्यात वेळ लिहिलेली असते. गिऱ्हाइकाचं काम असतं तर आधी तीच वाचली असती, कारण दोन तासांत धूर कुठल्या कुठे जातो हे नव्या पोरांना मीच शिकवते. बापासाठी नाही वाचली. डोंगरावरचं गवत पेटलं होतं चारच्या सुमाराला. आणि दुपारनंतर वारा पश्चिमेचा, म्हणजे डोंगरावरून सरळ आमच्या घरात. हे मला कुणी सांगायला हवं होतं का? शी! आजही आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

सात वाजता रिक्षातूनच डोंगरावरची लाल रेघ दिसली. घरात शिरले तर सगळ्या खिडक्या सताड उघड्या, बाबा पलंगाच्या कडेवर वाकून बसलेले, ओठ काळेनिळे, बोलवत नव्हतं. शेजाऱ्यांच्या गाडीतून हॉस्पिटलला नेलं.

ऑक्सिजन लावल्यावर तासाभराने डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, धुरात गेला होतात का?"

बाबांनी मास्क बाजूला केला. "धूर नव्हतोच. चेडवान वरसून बघितल्यान ना. माकाच उगाच वास इलो. माझा नाकच गेला आता."

मी तिथेच उभी होते. नंतर डॉक्टरांना पॅसेजमध्ये गाठून खरं काय ते सांगितलं. बाबांना नाही सांगितलं. त्यांना बरं वाटल्यावर सांगू, घरी गेल्यावर सांगू, असं करत राहिले. चार दिवसांनी ते घरी आले तेव्हा डोंगरावर मोठा काळा डाग होता. त्यांची खुर्ची मी खिडकीपासून हलवली, म्हटलं तिथे ऊन येतं.

परवा रविवारी मी गच्चीवरून कपडे काढून खाली आले. दारातच करपल्याचा वास. बाबा गॅसपासून चार हातांवर पेपर वाचत बसलेले आणि ओट्यावर दुधाचं पातेलं जळत होतं. मला बघून त्यांनी विचारलं, "गो, कायतरी जळता काय? माका वास येता, पण म्हटला तू इलस की इचारूया."

मी धावत गॅस बंद केला. "हो बाबा, जळतंय. दूध लागलंय खाली."

त्यांचा चेहरा असा खुलला! "म्हणजे आज बरोबर इलो वास," म्हणाले.

तेव्हा सांगायला हवं होतं. मी नळ सोडला आणि पातेलं घासत राहिले.