मास्तरांचा पासपोर्ट हरवला नव्हता

दौलत मास्तरांना त्यांच्या पोटच्या पोरानं फसवलं. बापाचा पासपोर्ट त्यानं आपल्या कपाटात कुलपात ठेवला आणि बापाला पटवून दिलं की, तुम्हीच तो कुठंतरी ठेवून विसरलात. गेलेल्या माणसावर लिहिताना अशी सुरुवात करू नये, हे मला कळतं. पण शोकसभेत मला बोलायचं होतं आणि मी माईककडे निघालो, तेव्हा निवेदकानं वेळ संपल्याचं सांगून सगळ्यांना मौनासाठी उभं केलं. मौन मी पाळलं. ते तेवढ्यापुरतंच होतं.

मास्तर गेल्याचं मला चामोर्शीला, माझ्या दुकानात कळलं. एक गिऱ्हाईक फवारणी पंपासाठी घासाघीस करत होतं आणि मी त्याला दाद देत नव्हतो, तेवढ्यात गडचांदूरहून फोन आला. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत... फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला म्हणालो, ने, तू म्हणतोस त्या भावात ने. आयुष्यात मी असा भाव कधी सोडला नव्हता. काही आठवड्यांनी गडचांदूरच्या विहारात सभा झाली. टेबलावर मास्तरांचा फोटो, मेणबत्त्या, परदेशी पाठीवर वागवलेली निळी सॅक आणि तिच्याशेजारी, शिक्क्याचं पान दिसेल असा उघडून ठेवलेला पासपोर्ट. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वर्षभरापूर्वी हरवला म्हणून ज्याच्यासाठी मास्तरांनी घर पालथं घातलं, तोच हा. आणि त्यांचा मुलगा प्रवीण माईकवर सांगत होता, "बाबांना फिरायची फार हौस. आम्ही मुलांनी त्यांना कायम पाठिंबा दिला."

सभा संपल्यावर मी त्याला चपलांच्या ढिगापाशी गाठलं. "प्रवीण, हा पासपोर्ट कुठी सापडला रे?"

"सापडला नाई काकाजी, होताच. माह्या कपाटात होता."

"बापाले माहीत होतं?"

तो दुसरीकडे पाहू लागला. "त्याईले माहीत असतं तर थांबले असते काय? तुमच्यासंगं निघालेच असते. बीपी, शुगर... त्याईच्या भल्यासाठीच केलं जी."

"आनि हरवला म्हणून सांगतलं?"

"मी नाई म्हटलं हरवला. तेच म्हणत होते. मी फक्त काही बोललो नाई."

तर आता मी बोलतो.

दौलत मास्तर माझ्या गावचे, माझ्याच वयाचे. ते शिकून शिक्षक झाले, मी शाळा सोडून बैलबाजारात दलाली करू लागलो आणि पुढे शेती अवजारांचं दुकान टाकलं. स्वभाव दोघांचे उलटे. मला कुणी भाव सांगितला की आधी राग येतो, मग हिशेब सुचतो. मास्तर भाजीवालीनं सांगितलेला भाव देऊन वर तिच्या मुलाची शाळा विचारत. त्यांच्या पत्नी गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा परदेशात एकदा जाऊन येऊ म्हणून आम्ही चंद्रपूरच्या एका सहलवाल्याकडे गेलो. मी भाव पाडायला बसलो, त्यानं चहा मागवला, मी आणखी पाडला, तर तो म्हणाला, "काका, हा बैलबाजार नाही." मी मास्तरांचा हात धरून उठलो. बाहेर येऊन मास्तर हळूच म्हणाले, "नानाभाऊ, चहा तरी पिऊ द्यायचा होता." आम्ही आमचे जाऊ, असं मी रस्त्यावरच जाहीर केलं. अशा रागाच्या भरात, साठी उलटलेले दोन म्हातारे पाठीवर सॅक घेऊन व्हिएतनामला गेले. तिकिटं आणि व्हिसा माझ्या पुतण्यानं मोबाइलवर काढले, इंग्रजी मास्तरांनी सांभाळायची आणि भांडणं मी.

पासपोर्टाबद्दल मास्तर किती जपून होते, हे मी सांगतो, कारण पुढचा सगळा खेळ त्यावरच आहे. पत्नीनं कधीकाळी शिवलेली एक कापडी पिशवी त्यांच्याकडे होती. तिला नाडा लावून ते पासपोर्ट कमरेला, बनियनच्या आत बांधत. आंघोळीला जाताना पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळून नळाला टांगत. मी चिडवायचो, "मास्तर, झोपेत तरी सोडा तिले." ते म्हणत, "घरी गेल्यावर सोडीन. घरात कोन नेते?"

तिथल्या विमानतळावर उतरल्या उतरल्या माझ्या सॅकमधली जवसाची चटणी पकडली. काळसर पूड, प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारलेली. अधिकारी पिशवी उजेडात धरून पाहतोय, मी मराठीत ओरडतोय की, ही माझ्या बायकोनं कुटलीय, हात लावू नको. मास्तरांनी मला मागे सारलं, चिमूटभर चटणी स्वतःच्या जिभेवर ठेवली, डोळे मिटून समाधानानं मान हलवली आणि पिशवी अधिकाऱ्यापुढे धरली. त्यानं बोट लावून चाखली. तिखट घशात गेल्यावर असा ठसका लागला की शेजारच्या टेबलावरची बाई पाणी घेऊन धावली. मग ती हसली, मग तोही हसला, आणि आम्ही चटणीसकट बाहेर पडलो. मास्तर त्याला मागे वळून "थोडी ठेवून जाऊ काय?" असं विचारणार होते, मी ओढून नेलं.

उत्तरेकडच्या डोंगरात एका गावाचा आठवडी बाजार पाहिला आणि मला माहेरी आल्यासारखं वाटलं. थंडी वाजत होती. एका बाईकडे जाड जाकिटं होती. तिनं कॅलक्युलेटरवर आकडा टाकून तो माझ्यापुढे धरला. माझं डोकं तिथंच फिरलं. आजूबाजूचे चार दुकानदार वाकून आकडा वाचतायत, अशात भाव कसा ठरेल? आमच्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबून सौदा करायचा. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही. मी खांद्यावरचा दुपट्टा काढला, बाईच्या हातावर टाकला आणि आत हात घालून तिची बोटं दाबली. बाई अशी किंचाळली की कोंबड्यांची खुराडी हादरली. तिचा नवरा आला, दीर आला, मागून आणखी माणसं आली. माझी कॉलर कुणीतरी धरली.

मास्तर मध्ये शिरले. आधी सगळ्यांना हात जोडले. मग काय सुचलं कोण जाणे, डोक्यावर दोन बोटांची शिंगं करून बैलासारखे हंबरले, मला ओढून समोर उभं केलं, दुपट्टा आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि आतल्या आत झटापट करत तोंडानं कधी खूश, कधी नाराज, असा मुखवटा बदलत राहिले. आधी एक म्हातारी हसली. तिनं मला बाजूला सारलं आणि दुपट्ट्याखाली स्वतःचा हात घालून मास्तरांची बोटं दाबली. तिच्या मनात काय भाव होता, हे मास्तरांना कळलं नाही आणि मास्तर काय बोलले, हे तिला. पण सौदा झाला. तिनं सुनेला दरडावून एक जाकीट मास्तरांच्या अंगावर चढवलं आणि पैसे घेतले नाहीत. मला मात्र कॅलक्युलेटरचाच भाव पडला. परत येताना मी धुसफुसत होतो. "मास्तर, आपल्या धंद्यातली चाल, आनि फायदा तुमचा?" ते म्हणाले, "तुम्ही दाबता जी. मी नुसतं धरलं."

एकदा त्यांना चक्करही आली होती, हे मी लपवत नाही. एका देवळाच्या पायऱ्या चढताना ते खाली बसले, घाम फुटला. चहाची टपरी चालवणाऱ्या एका मुलीनं त्यांना सावलीत आडवं केलं, उसाचा रस आणायला निघाली. शुगर आहे हे तिला कसं सांगायचं? मास्तरांनी झोपल्या झोपल्याच हातवारे करून सांगितलं. मग तिनं नारळ फोडला, गार फडकं कपाळावर ठेवलं आणि त्यांना उठवेपर्यंत दुकानाकडे पाहिलं नाही. दोन गिऱ्हाइकं स्वतःच चहा ओतून घेऊन गेली. मास्तरांनी हा किस्सा घरी येऊन हसत हसत सांगितला. पोरानं त्यातली फक्त चक्कर ऐकली.

आणि स्मरणशक्तीचं म्हणाल तर ऐका. मोठ्या शहरात मी रिक्षावाल्यासारख्या एका माणसाशी भांडून चालत जायचं ठरवलं आणि आम्ही गल्ल्यांमध्ये पार चुकलो. हॉटेलचं नाव मला वाचता येईना, मोबाइल बंद. मास्तर कोपऱ्यावर उभे राहिले, दोन्हीकडच्या गल्ल्या न्याहाळल्या, मग चालू लागले. "इथी पिवळं कुत्रं झोपलं होतं. इथी बाई कणसं भाजून राह्यली होती, तिच्या डाव्या हाताले टोप्यांचं दुकान. मंग तो न्हावी, झाडाले आरसा टांगलेला." कुत्रं उठून गेलं होतं, पण बाई होती, टोप्या होत्या, झाडावर आरसा होता. अनोळखी देशात, एकदाच गेलेल्या रस्त्यानं, त्यांनी मला दारात आणून सोडलं. हा माणूस विसराळू झाला, असं ज्यानं ठरवलं, त्यानं आधी त्यांच्यासोबत एवढं चालून दाखवायला हवं होतं.

परतल्यावर मास्तर प्रवीणकडे गडचांदूरला राहायला गेले. पोरगा तिथल्या एका सिमेंट कारखान्यात नोकरीला आहे. दुसऱ्या खेपेला कंबोडिया ठरलं होतं. पुतण्यानं व्हिसासाठी पासपोर्टाचा फोटो मागितला आणि पिशवी रिकामी निघाली. मास्तरांनी फोन केला, तेव्हा आवाज ओळखू येईना. "नानाभाऊ, पिशवी आहे, आत काहीच नाई. मी कुठी ठेवला असन जी?" मी म्हटलं, रिपोर्ट करा, नवा काढा. तर म्हणाले, "नवा काढीन आनि तोही हरवीन. प्रवीण म्हणते, बाबा, तुम्ही लय विसरून राह्यले आजकाल." म्हणजे प्रवीण काही बोललाच नव्हता, हेही खोटं.

त्यानंतर मास्तर हळूहळू बसले. आधी गॅस पेटवणं सोडलं. बंद करायचा राहून गेला तर? मग चामोर्शीला येणं सोडलं. मी बोलावलं की म्हणत, चंद्रपूरला गाडी बदलताना चुकीच्या गाडीत बसलो तर काय करू? परक्या देशात कुत्र्यावरून रस्ता ओळखणारा माणूस एसटी स्टँडला भिऊ लागला. फोनवर एकच गोष्ट दोनदा सांगत नव्हते, तरी दर वेळी आधी विचारत, "हे मी तुम्हाले सांगतलं होतं काय?" नाही मास्तर, नव्हतं सांगितलं. तुम्ही कधीच काही दोनदा सांगितलं नाही...

पोराला काळजी असेल. असू दे. बापाला परदेशी पाठवायचं नसेल, तर तोंडावर नाही म्हणायचं. मास्तर रागावले असते, मी येऊन भांडलो असतो, चार दिवस घरात अबोला झाला असता आणि कदाचित मास्तरांनीच ऐकलं असतं. ते ऐकणारेच होते. पण तेवढंही भांडण नको होतं. बैलबाजारात मी लंगडा बैल धडधाकट म्हणून खपवणारे पुष्कळ पाहिले. चार वेळा मीही त्यांच्या मागे काठी घेऊन धावलो आहे. पण धड बैलाला तू लंगडा आहेस असं सांगून खुंट्याला बांधणारा मी पहिल्यांदा पाहिला, आणि तो शिकलेला, माईकवर पाठिंब्याच्या गोष्टी करणारा निघाला. सभेतल्या लोकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवले. एकजण मला म्हणाला, "जाऊ द्या नानाभाऊ, माणूस गेला, आता काय उकरता?" माणूस गेला म्हणूनच उकरतो. ते असते तर त्यांनी मला गप्प केलं असतं.

कारण मास्तर मरेपर्यंत त्याच पोराचं कौतुक करत होते. एकदा मी फोनवर प्रवीणला शिव्या दिल्या, घरात नीट शोधत नाहीत म्हणून. मास्तर मलाच रागावले. म्हणाले, "त्याले काही म्हणू नका. पोरगा गुणी आहे. परवा ड्युटीवरून आला, कपडे बी नाई बदलले, बॅटरी घेतली आनि माह्यासंगं गुडघे टेकून पलंगाखाली शोधून राह्यला. मलेच लाज वाटली जी, माह्या पायी पोराले त्रास."

प्रवीण, तुझ्या घरी हा पेपर येतो, मला माहीत आहे. मला फोन करू नकोस, माझ्या दुकानावर येऊ नकोस. ज्या विहारात, ज्या माईकवर तू बापाला पाठिंबा दिल्याचं सांगितलंस, तिथं तीच माणसं पुन्हा बोलाव आणि त्यांच्यासमोर उत्तर दे. किल्ली तुझ्या खिशात होती. म्हातारा बाप शेजारी ओणवा होऊन अंधारात हात फिरवत होता. तेव्हा बॅटरी धरून तू त्या पलंगाखाली काय शोधत होतास?