सशाचे कान आणि एक खुर्ची

बाहेर चैत्राचं ऊन आणि आत चेरीचा कागदी बहर. पुण्यातल्या या जपानी थाटाच्या कॅफेत मैत्रिणीने मला ओढून आणलं होतं. डोक्यावर सशाचे कान लावलेल्या वेट्रेसने सशाच्या आकाराचं गुलाबी पुडिंग समोर ठेवलं, दोन्ही हातांचा बदाम केला आणि "गोड हो, गोड हो" असा मंत्र म्हटला. इथली ती रीतच आहे. मंत्र म्हणताना तिने एक पाय हळूच बुटातून काढून दुसऱ्या पायावर टेकवला.

"अगं, बस की जरा," मी म्हटलं.

"मॅनेजर म्हणतात, ससे बसत नसतात, ताई. सकाळपासून उड्याच चालल्यात."

ती हसली. मला हसू आलं नाही. हा सगळा गोंडसपणा कुणाच्या तरी दुखऱ्या पोटऱ्यांवर उभा असतो आणि आपण फोटो फक्त पुडिंगचा काढतो. गोंडसपणाशी माझं भांडण नाही, पुडिंग झकासच होतं. पण राबणाऱ्या माणसाला टेकायला जागा हवी म्हणजे हवीच.

मी उठले आणि माझी खुर्ची काउंटरमागे नेऊन ठेवली. मॅनेजर धावत आला. "मॅडम, ही गिऱ्हाइकांची खुर्ची आहे!"

"मग तिच्यासाठी दुसरी आणा. तोवर मी उभ्याने खाते."