दार न उघडणाऱ्या मॅडम

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी कुरुंदवाडहून रोज एसटीनं कोल्हापूरला यायचे. आमच्या प्रयोगशाळेत जिवंत पेशी निवडून वेगळ्या करणारं एक मशीन होतं. ते बारीक तोंडातून पेशींची धार सोडायचं, धारेचे थेंब करायचं आणि हव्या त्या पेशीचा थेंब नेमका नळीत पाडायचं. पेशी क्षयाच्या पेशंटच्या असायच्या. धार बिघडून तुषार उडाला तर जंतू थेट आमच्या छातीत. म्हणून मशीन बंद काचेच्या कपाटात ठेवलेलं, आतली हवा गाळून बाहेर काढणारा पंखा सतत चालू, आणि आम्ही दोन-दोन ग्लोव्हज, गाऊन, घट्ट मास्क चढवलेले.

मशीन मॅडम चालवायच्या. गडहिंग्लजकडच्या, आवाज खणखणीत. खरा नमुना लावण्याआधी त्या चमकणारे सूक्ष्म मणी सोडून मुद्दाम धार बिघडवायच्या आणि कपाटाबाहेर ठेवलेल्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासायच्या. एक मणी जरी बाहेर सापडला तरी त्या दिवशी काम बंद. मला तो अतिरेक वाटायचा.

एका सकाळी दवाखान्यातून एका शेतकरी काकांच्या छातीतलं पाणी आलं. उपचारासाठी काढलेलं, त्यातलं थोडं त्यांनी आपणहून आम्हाला दिलेलं. असा नमुना क्वचित मिळायचा. मॅडमनी तो गाळून लावला. काम निम्म्यावर आलं आणि धार एकदम वाकडी झाली. मशीनच्या तोंडात गुठळी अडकली होती. मॅडमनी त्याच क्षणी धार बंद केली, पंखा पूर्ण वेगावर सोडला आणि मला खुर्चीवरून उठवलं.

"बाहेर हो."

खोलीच्या काचेपलीकडून प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, बघत होते. इंटरकॉमवर त्यांचा आवाज आला, "उघडा आणि साफ करा पटकन. पेशी मरतील."

"आतली हवा निघाल्याबिगर कपाटाचं दार उघडायचं न्हाय, सर."

"असा नमुना परत मिळणार आहे का?"

"न्हाय मिळणार. मरू द्यात पेशी. ही पोरगी काय मशीनचा सुटा भाग हाय व्हय?"

मी खोलीबाहेर सरांच्या शेजारी उभी राहून इंटरकॉमवर सगळं ऐकत होते. माझ्यासाठी इतकं रोखठोक कुणी भांडलं नव्हतं.

हवा स्वच्छ व्हायला लागतो तेवढा सगळा वेळ मॅडम आत कपाटासमोर बसून राहिल्या. मग एकट्यानं दार उघडलं, जंतुनाशकानं कोपरान् कोपरा पुसला. कपाटाच्या काचेवर आतून बारीक थेंबांचा सडा पडला होता. बाहेरच्या काचपट्ट्या मात्र कोऱ्या निघाल्या. तोवर बऱ्याच पेशी मेल्या होत्या. तो प्रयोग अर्धाच राहिला. पुढच्या वेळी मण्यांची तालीम झाली तेव्हा सर न बोलावता आत येऊन उभे राहिले आणि प्रत्येक काचपट्टी स्वतः बघितली.

काही महिन्यांनी ते काका तपासणीला आले. तब्येत सुधारली होती. आमच्या दारात येऊन म्हणाले, "मॅडम, माझ्या पाण्याचं काय झालं वो?"

मॅडमनी काही झाकलं नाही. "निम्मं वाया गेलं, काका. मशीन तुंबलं, आन् मी दार उघडलं न्हाय."

काकांनी आम्हा दोघींकडे पाहिलं. "तुमास्नी काय लागलं न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"मग बास की. सा महिनं गोळ्या खातोय मी, ह्यो रोग काय असतोय मला ठावं हाय."

मॅडमनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि चहा सांगितला.