चुकलेली चूल आणि चतकोरबाबा

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही, हे आधीच सांगते. माझं माहेर जुन्नरचं. वडील शाळामास्तर आणि पक्के नास्तिक… अंगात आलेल्या बाईला ते "आधी पाढे म्हणून दाखव" म्हणायचे. त्यांची लेक मी, सातवी पास. तेव्हा पुढचं वाचून "आजीबाई भोळ्या दिसतात" असं कुणी म्हणू नये. मी भोळी नाही, हवं तर आमच्या सुनांना विचारा. हे टाइप करतेय माझी मुलगी, तिचाही यात थोडा संबंध आहे. तो पुढे येईल.

गोष्ट एकोणीसशे पन्नासनंतरच्या दशकातली. माझं लग्न होऊन दीड-दोन वर्षं झाली होती. सासर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पश्चिमेला डोंगरात. गावाचं नाव देत नाही, लोक उगाच शोधत येतात. घोडेगावहून मिळेल त्या वाहनानं जमेल तितकं जायचं आणि मग उरलेलं पायी… भात, नाचणी, हिरड्याची झाडं, आणि गावाच्या डोक्यावर एक टेकडी. त्या टेकडीवर चतकोरबाबांची समाधी.

हे बाबा नाथपंथी योगी, आमच्या आजेसासऱ्यांच्याही आधीचे. कपारीत धुनी लावून बसायचे. वाघ धुनीशेजारी शेकत बसायचा म्हणतात, पण वाघाला विचारायला कोण गेलं होतं? भिक्षेला खाली उतरायचे आणि प्रत्येक घरी फक्त चतकोर भाकरी घ्यायचे. अर्धी दिली तर निम्मी परत. श्रीमंताकडेही चतकोर, गरिबाकडेही चतकोर, म्हणून हे नाव. समाधी घेताना त्यांनी सांगून ठेवलं, "वर्सातनं एकदा समद्या चुलींची भाकर एका जागी करा. जी चूल चुकंल, तिथं मी जेवाया येईन."

तेव्हापासून दर माघात भंडारा. आमटी वर टेकडीवर एका मोठ्या कढईत, आणि भाकऱ्या घरोघरच्या. जेवणाआधी गावचा पाटील एकेका घराचं नाव पुकारतो, "अमक्याची चूल आली?" घरचा माणूस ओरडतो, "आली." सगळ्या चुली आल्या की पुजारी शंख फुंकतो, समाधीवरचा नैवेद्य उचलतो आणि पंगत बसते. आमची चूल कधी चुकली नव्हती. त्या वर्षी चुकली.

त्याचं कारण बैल. आमचे हे आणि थोरले दीर, दोघे सख्खे भाऊ, पावसाळ्यानंतर वेगळे झाले. कशावरून, ते आज दोघांनाही सांगता आलं नसतं. अंगणात मधोमध काठ्यांचा कूड घातला, भांडी वाटली, कोंबड्या वाटल्या. मग राहिली बैलजोडी. तीही वाटली! एक बैल ह्यांना, एक भाऊजींना. आता एका बैलानं नांगर कसा धरायचा हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. दोघे आपापला बैल घेऊन बसले आणि सगळ्या गावानं तोंडाला पदर लावून हसून घेतलं.

मला मात्र हसू येत नव्हतं. माझे दिवस भरत आले होते. आई माझी लहानपणीच गेलेली, त्यामुळे बाळंतपणाला माहेरी जाऊन करायचं काय? सगळा भरवसा थोरल्या जावेवर, अक्कांवर. अक्कांनी गावातल्या निम्म्या बायकांची बाळंतपणं केली होती. मला भाकरी थापता येत नव्हती तर मला हाताला धरून शिकवली होती (तरी माझ्या भाकरीच्या कडा फाटायच्या त्या फाटायच्याच). पण भाऊजींनी त्यांना ताकीद दिली होती, "कुडाच्या पल्याड पाऊल टाकलंस तर हिकडं परत येऊ नगंस." आणि आमच्या ह्यांनी मला, "त्या घरचं पानीबी प्यायचं न्हाई." रात्री पोटावर हात ठेवून मी रडायचे. पहिलटकरीण, वय एकोणीस-वीस, आणि कळा आल्यावर हाक मारायची कुणाला? अक्का कुडाच्या पलीकडे खोकायच्या, तेवढाच आधार.

तर भंडाऱ्याचा दिवस. सगळा गाव सकाळीच वर गेला. भाऊजी गेले, आमचे हे गेले. आणि भाकऱ्या? ह्यांच्या मते घरची चूल म्हणजे थोरल्याची, भाकऱ्या त्यांच्याकडून जाणार. भाऊजींच्या मते, जुनं चूलघर वाटणीत धाकट्याला गेलंय, तेव्हा मान धाकट्याचा. दोघे एकाच वाटेनं, एकमेकांपासून दहा हात लांब चालत, मोकळ्या हातांनी वर गेले. विचारायचं तर बोलायला लागलं असतं ना.

मी अवघडलेली, मला चढवेना. अक्का पाय मुरगळल्याचं सांगून घरी राहिल्या होत्या. पाय त्यांचा ठणठणीत होता. सूर्य डोक्यावर यायच्या सुमारास मी माझ्या ओट्यावर तांदूळ निवडत होते, अक्का कुडापलीकडे त्यांच्या ओट्यावर होत्या, आणि कुडाच्या टोकाशी आवाज आला, "अलख."

एक गोसावी उभा. म्हातारा म्हणावा तर पाठ ताठ, तरुण म्हणावा तर दाढी पांढरी. खांद्यावर घोंगडी, काखेत झोळी. कूड जिथे संपतो तिथे अगदी मधोमध उभा होता, ना इकडे ना तिकडे.

"माय, भाकर," तो अक्कांना म्हणाला.

"देते की, बसा."

"ह्या एका चुलीची न्हाई चालत मला. त्या चुलीचीबी पायजे."

अक्कांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "त्या घरचं आमाला चालत न्हाई, महाराज. मालकांनी सांगितलंय."

"तुमाला कुटं खायाचंय? मला चालतंय की."

मला हसू फुटलं. किती महिन्यांनी हसले असेन. गोसावी माझ्याकडं वळला. "तू हसू नगंस, तुझ्या घरी काय पीठ हाय?"

"तांदळाचं."

"आन तुज्याकडं, माय?"

"नाचणीचं," अक्का म्हणाल्या. "मिसळून भाकर करू का?"

"मिसळू नगा. मिसळलं की कुनाचं किती, हे भांडान ऱ्हातंय. श्येजारी श्येजारी थापा, एकच भाकर करा. आन चूल हिची नगं, तुजीबी नगं."

असं म्हणून त्यानं कुडाच्या टोकाशी स्वतःच तीन दगड मांडले. अक्का कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "सुमन, काटवट आन बाई. जेवाया आलेला मानूस हाय, पाठवायचा कसा?"

एवढ्या महिन्यांनी त्यांनी मला नावानं हाक मारली होती. माझे डोळे भरून आले आणि मी काटवट आणायला धावले, म्हणजे त्या अवस्थेत जेवढं धावता येतं तेवढं.

त्यांनी नाचणीचा गोळा ठेवला, मी तांदळाचा. दोघी समोरासमोर बसलो, चार हात एका भाकरीवर. अर्धी तांबडी, अर्धी पांढरी अशी भाकरी मी आधी कधी बघितली नव्हती. अक्कांची बाजू गोल गरगरीत. माझी, अर्थात, कडेला फाटलेली. "आजून तसंच का गं?" अक्का पुटपुटल्या. "शिकवणारी कुडापलीकडं गेली," मी म्हणाले. त्यावर त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि भाकरी तव्यावर टाकली.

गोसाव्यानं भाकरीचे चार चतकोर केले. पण कसे, ते नीट ऐका. दोन चतकोर जोडावरचे, म्हणजे अर्धे तांबडे अर्धे पांढरे, आणि एक नुसता तांबडा, एक नुसता पांढरा. जोडावरचा एक त्यानं चटणीशी खाल्ला. आमच्यासमोर, सावकाश. दुसरा जोडावरचा उचलून झोळीत टाकला.

"उरल्याली खावा की," अक्का म्हणाल्या.

"माजं झालं. ती दोन ठिवा तशीच."

आणि त्याच क्षणी टेकडीवरून शंख वाजला. गोसावी उठला, माझ्याकडं बघून म्हणाला, "पोरगीला उपाशी ठिवू नगंस," आणि वाटेला लागला. मुलगी होणार हे त्यानं सांगितलं, याला मी चमत्कार मानत नाही. दोनच तर पर्याय होते, एवढं आमच्या बैलानंही सांगितलं असतं.

आता वर काय झालं ते, भाऊजींनी आणि ह्यांनी सांगितलेलं. पाटलानं नावं पुकारली. आमचं नाव आलं तेव्हा दोघे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. "तू आनली न्हाईस?" "आनायची तू व्हतीस." लोकांत हशा. पाटील म्हणाला, "मंग झालं, बाबा गेलं तुमच्याकडंच जेवाया." दोघांची मान खाली. पुजाऱ्यानं शंख फुंकला, गाभाऱ्यात गेला, समाधीवरच्या नैवेद्याचं झाकण काढलं… आणि पानावर, सगळ्यांच्या वर, एक चतकोर. अर्धा तांबडा, अर्धा पांढरा.

"ही कुनाची रं?" पुजारी बाहेर घेऊन आला. भाऊजींनी तांबडी बाजू बघितली आणि बायकोचा हात ओळखला. आमच्या ह्यांनी दुसरी बाजू ओळखली, फाटलेल्या कडेवरून. माझ्या भाकरीचा जन्मात झालेला उपयोग तो एवढाच.

दोघे आमटीला न थांबता, तुकडा उपरण्यात बांधून टेकडी उतरले. धापा टाकत अंगणात आले तर आम्ही दोघी त्या तीन दगडांपाशी बसलेलो, कूड असूनसुद्धा. ते सांगायला लागले, आम्ही सांगायला लागलो, कुणाचं कुणाला ऐकू जाईना. शेवटी अक्कांनी उपरणं सोडलं. आमच्या ताटात पांढरा चतकोर आणि तांबडा चतकोर तसेच होते, बाबांनी "ठिवा" म्हटलेले. अक्कांनी तो तिसरा मध्ये ठेवला. एका बाजूला पांढऱ्याला बसला, दुसऱ्या बाजूला तांबड्याला. कड न कड जुळली.

 मग भाऊजी उठले आणि कूड उपटायला लागले. आमचे हे दुसऱ्या टोकाकडून. दुसऱ्या दिवशी दोन्ही बैल एका जुवाखाली होते, आणि मला वाटतं सगळ्यांत जास्त आनंद त्यांनाच झाला होता.

उन्हाळ्यात वडील आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि लॉजिक लावायला बसले. म्हणाले, आडवाट असेल. स्वतः टेकडीभोवती फिरले, पाय सोलून घेतले. वाट एकच, आणि तिच्यावर त्या दिवशी सगळा गाव बसलेला. गोसावी कुणी पाहिला नाही. मग म्हणाले, शंख तुम्हाला उशिरा ऐकू आला असेल. मी म्हटलं, "नाना, आवाज काय एसटीनं येतो?" शेवटी म्हणाले, "तपासायला हवं," आणि आयुष्यभर तेवढंच म्हणत राहिले.

त्या भंडाऱ्यानंतर थोड्याच दिवसांत मला कळा सुरू झाल्या. अवघड गेलं. पोर आडवं होतं. अक्का रात्रभर माझ्याजवळून हलल्या नाहीत, त्यांनीच हातांनी फिरवून ते सरळ केलं. त्या कुडापलीकडे असत्या तर आज हे टाइप करायला ही नसती, आणि सांगायला मीही नसते.

आमच्या घरून भंडाऱ्याला अजून दुरंगी भाकऱ्या जातात. अक्का आता नाहीत. त्यांना मी खूपदा विचारलं, तो कोण असेल हो? त्या म्हणायच्या, "कोन का असंना. दोन चुलींची भाकर मागनारा तेवढाच भेटला."

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती, हिलासुद्धा नाही. तीन तुकडे जुळल्यावर अक्कांनी मधला चतकोर उचलून माझ्या तोंडाशी धरला, "खा, दोन जिवांची हायेस." ताटातले दोन्ही केव्हाच गार झाले होते. हा टेकडीवर जाऊन, उपरण्यात बांधून, खाली आलेला. मी चावला आणि माझी जीभ पोळली.

हे कसं, ते मला माहीत नाही. मुलगी टाइप करायची थांबून माझ्याकडं बघतेय.